राधानाथ शिकदार : सन्मान आणि पुरावा

हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीखात्याचे मुख्य गणक राधानाथ शिकदार (१८१३–१८७०) यांचें चित्र भारत सरकारनें सन २००४ मध्यें टपालाच्या तिकिटावर छापिलें. म्हणजे त्यांच्या निधनास १३४ वर्षें लोटल्यावर. विलंबानें कां होईना, सन्मान झाला हें चांगलेंच. परंतु ज्या कथेच्या आधारें त्यांची कीर्ति लोकांत रुजली आहे ती कथा आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं.

कथा अशी कीं, सन १८५२ त शिकदार डेहराडूनच्या कचेरींत सर्व्हेयर जनरल वॉ यांच्या खोलींत धांवत शिरले आणि जगांतील सर्वोच्च शिखर आपणांस सांपडल्याचें त्यांनीं सांगितलें. बखरींत शोभेल असा हा प्रसंग आहे खरा. पण शिकदार तर १८४९ पासून कलकत्त्यास होते! पंधराव्या क्रमांकाच्या शिखराचे, म्हणजे आजच्या एव्हरेस्टचे, वेध निकल्सन यानें १८४९–५० त घेतले. गणित अनेक हातांनीं झालें, आणि २९,००२ फूट ही उंची वॉ यानें १८५६ त जाहीर केली. त्या गणितांत शिकदारांचा वाटा होता; पण तो एका क्षणाचा साक्षात्कार नव्हे. असल्या कथेवर उभारलेली कीर्ति पहिल्याच आक्षेपानें डळमळते, व मग खऱ्या कर्तृत्वाविषयींही संशय उत्पन्न होतो.

अस्सल पुरावा निराळाच असून तो छापील आहे. स्माइथ व थुइलियर यांच्या 'मॅन्युअल ऑफ सर्व्हेइंग' या ग्रंथाच्या १८५१ च्या प्रस्तावनेंत तिसऱ्या व पांचव्या भागांबद्दल शिकदारांचें साहाय्य नांवानिशीं मान्य केलें आहे. १८५५ च्या आवृत्तींतही तो उल्लेख आहे. शिकदार वारल्यावर १८७५ त तिसरी आवृत्ति निघाली, तींतून मात्र ती प्रस्तावनाच गळली! (ही नजरचूक असावी असें मानण्यास आमचें मन घेत नाहीं.) कांहीं इंग्रज मोजणीदारांनींच याचा निषेध केला, व 'फ्रेंड ऑफ इंडिया' या पत्रानें १८७६ त या कृत्यास मृताची लूट म्हटलें. ही साक्ष राज्यकर्त्यांच्याच गोटांतील असल्यानें तिचें वजन अधिक.

ग्रंथसंग्राहकांस आमची विनंति आहे कीं, पहिल्या दोन आवृत्तींपैकीं एखादी प्रत जवळ असल्यास प्रस्तावनेचें पान जपावें व त्याचें छायाचित्र घेऊन ठेवावें. तिसरी आवृत्ति असेल तर तीही निरुपयोगी म्हणून टाकूं नये; तुलनेस तीच हवी.