सेवा ठेक्यावर द्यायची का? एका गाजलेल्या पेपरचं चिकित्सक वाचन

साकोलीकडे धानाची रोवणी आली की घराघरात एकच चर्चा असते. बाया रोजीनं लावायच्या की एकराप्रमाणे ठेका द्यायचा? रोजीनं काम हळू चालतं आणि मालकाला दिवसभर बांधीवर उभं राहावं लागतं. ठेक्यानं काम लवकर उरकतं, पण रोप विरळ पडण्याची धास्ती असते. ते विरळ पडलंय हे कळतं तोवर हिशेब चुकता झालेला असतो. एकरी किती पैसे हे आधी ठरवता येतं, पण रोप किती नीट लावायचं हे शब्दांत पकडता येत नाही.

स्थानिक स्वराज्य संस्थेनं कचरा, पाणी, दिवाबत्ती अशी कामं बाहेर द्यावी की स्वतः करावी, या प्रश्नावरचा एक गाजलेला पेपर नेमका इथूनच सुरू होतो. ऑलिव्हर हार्ट, आंद्रेई श्लायफर आणि रॉबर्ट विशनी यांचा १९९७ चा 'द प्रॉपर स्कोप ऑफ गव्हर्नमेंट' हा तो पेपर. पुढे २०१६ मध्ये हार्ट यांना करारांवरच्या कामासाठी अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. या विषयावर संशोधन करायचं असेल तर हा पेपर टाळता येत नाही. पण तो जसाच्या तसा उचलू पण नका. का ते बघू.

पेपर काय म्हणतो?

हा आकडेवारीचा पेपर नाही, गणिती मॉडेल आहे. गाभा असा: कोणताही करार अपुराच असतो. काम चालवणारा दोन दिशांना डोकं लावू शकतो, खर्च कमी करायला किंवा दर्जा वाढवायला. तो सरकारी नोकर असेल तर कोणताही बदल करायला वरची मंजुरी लागते आणि फायद्यातला थोडाच वाटा त्याच्याकडे येतो. म्हणून तो दोन्हीकडे थंड असतो. ठेकेदाराला मात्र खर्च कापायला कोणाला विचारावं लागत नाही, आणि वाचलेला पैसा त्याचाच. मग दर्जा घसरला तरी जे करारात लिहिलेलं नाही त्याबद्दल त्याला पकडणार कसं?

उदाहरण आपल्या जवळचंच घ्या. कचऱ्याचं बिल टनावर काढलं की वजन हाच दर्जा होतो. वजन वाढवायला कचऱ्यात माती-मलबा मिसळल्याचे आरोप नागपुरातही झाले. ओला-सुका वेगळा केला का, गल्लीच्या टोकापर्यंत घंटागाडी गेली का, हे वजनकाट्यावर दिसत नाही. इथपर्यंत पेपर अगदी पटतो.

कुठे अडतं?

पहिली अडचण. लेखक म्हणतात की सरकारी खरेदीत भ्रष्टाचार जास्त असेल तर काम सरकारनं स्वतःकडे ठेवावं. आणि आपल्या माणसांना चिकटवण्याची वशिलेबाजी जास्त असेल तर बाहेर द्यावं. कागदावर हे तराजूचे दोन वेगळे पलडे आहेत. लहान नगरपरिषदेच्या गावात ते वेगळे राहतील का? ज्याच्या शब्दावर पूर्वी माणूस कामाला लागायचा, त्याच्याच शब्दावर उद्या ठेकेदार माणूस ठेवू शकतो. वशिला संपत नाही, फक्त हजेरीबुक बदलतं. दोन्ही गोष्टी एकाच हातात असतील तर मॉडेल कोणत्या बाजूला झुकायचं ते सांगू शकत नाही.

दुसरी अडचण मला जास्त महत्त्वाची वाटते. मॉडेलमध्ये खेळाडू दोनच: सरकार आणि काम चालवणारा. झाडू मारणारी बाई त्यात खेळाडू म्हणून नाही. तुरुंगांच्या उदाहरणात कमी पगाराचे पहारेकरी येतात, पण त्यामुळे दर्जा घसरतो म्हणून. पगार कापला जाणं हे स्वतःच एक नुकसान आहे, असा हिशेब तिथे मांडलेला नाही.

ही चूक मीही केली. पर्यावरणशास्त्रात एमएस्सी करून आले होते, जे मोजता येतं तेच खरं ही लॅबची सवय. संशोधन आराखड्याच्या पहिल्या मसुद्यात 'प्रति टन खर्च' हेच मोजायचं ठरवलं. मॅडमनी समासात एकच ओळ लिहिली: 'हा खर्च कमी झाला तो कोणाच्या ताटातून?' दोन दिवस राग आला. मग मुंबईचं प्रकरण वाचलं.

मुंबई महापालिकेचा कचरा उचलणाऱ्या सुमारे २,७०० कंत्राटी कामगारांची बाजू कचरा वाहतूक श्रमिक संघानं लढवली. औद्योगिक न्यायाधिकरणानं २०१४ मध्ये त्यांना पालिकेचे कायम कामगार मानलं आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कायम ठेवलं. आता सांगा, निकालाआधीच्या वर्षांत ठेक्यामुळे जी 'बचत' दिसली असती, तिला कार्यक्षमता म्हणायचं की थकलेली देणी?

मुंबईत निदान संघटना होती. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा मुळात २० कामगारांपासून लागू व्हायचा. महाराष्ट्रानं ती मर्यादा ५० वर नेली. लहान गावात कचऱ्याच्या अख्ख्या ठेक्यात ५० माणसं तरी असतात का?

मग आकडे काय सांगतात?

जेर्मा बेल, झेव्हियर फाजेदा आणि मिल्ड्रेड वॉर्नर यांनी २०१० मध्ये कचरा आणि पाणीपुरवठ्यावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. खाजगीकरणानं खर्च हमखास कमी होतो असं त्यांना आढळलं नाही. पण लक्षात घ्या, हे 'ठेका वाईट' याचंही सिद्धीपत्र नाही. थकलेल्या, माणसंच नसलेल्या नगरपरिषदेला ठेका सोयीचा पडू शकतो. फक्त 'स्वस्त पडतं' एवढ्यावर ठराव होऊ नये, इतकंच यातून निघतं.

तुम्ही काय करून बघाल?

तुमच्या गावातली एक सेवा निवडा, निविदेची अट-पत्रकं मिळवा, नाही मिळाली तर माहिती अधिकारात अर्ज टाका. मग तीन रकाने आखा. एक, करारात काय मोजलंय. दोन, लोकांना काय हवंय पण करारात नाही. तीन, बचत दाखवली असेल तर ती डिझेलमधून आली, फेऱ्यांमधून आली की मजुरीतून. आणि खाली एक प्रश्न लिहा: उद्या ठेकेदार निघून गेला तर गाड्या कोणाच्या आणि गल्ल्या माहीत असलेली माणसं कोणाची? नागपूरनं २०१२ मध्ये पाणीपुरवठा २५ वर्षांसाठी खाजगी ऑपरेटरकडे दिला. एवढ्या काळात स्वतः काम करण्याची सवय मोडू शकते, आणि ती परत लावायचा खर्च कोणत्याच निविदेत नसतो.

तिसरा रकाना भरणं सगळ्यात अवघड जाईल. ती माहिती ऑफिसात सापडत नाही. त्यासाठी सकाळी लवकर उठून घंटागाडीमागे चालावं लागतं. माझ्या प्रबंधाचं निम्मं काम सध्या तेच आहे.