आश्वासन आणि परवाना : लिनक्सवरील आज्ञावलींच्या संदर्भात

‘आमची आज्ञावली लवकरच लिनक्सवरही उपलब्ध होईल’, हे व्यापारी कंपन्यांचे आश्वासन गेली पंचवीस वर्षे ऐकू येत आहे. मराठीच्या अध्यापकाने त्याची चिकित्सा का करावी, असा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. चंद्रपूर-गडचिरोलीतील महाविद्यालयांत प्रश्नपत्रिकेपासून संशोधनपत्रिकेपर्यंतचा मराठी व्यवहार आज संगणकावर चालतो. परवाना शुल्क परवडत नाही म्हणून लिनक्सचा पर्याय पुढे येतो आणि त्या क्षणी हे आश्वासन निर्णायक ठरते.

कोरेलचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. कोरेलड्रॉमुळे ही कंपनी आपल्याकडील प्रत्येक छपाई व्यावसायिकास परिचित आहे. तिने 1999 मध्ये स्वतःची लिनक्स प्रणाली आणली; 2000 मध्ये वर्डपरफेक्ट ऑफिस व कोरेलड्रॉही लिनक्सवर आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टने कोरेलमध्ये 13.5 कोटी डॉलर गुंतविले. पुढील वर्षी कोरेलने आपली लिनक्स प्रणाली विकून टाकली. या क्रमावर भाष्य करण्याची गरज नसावी. ॲडोबीने लिनक्सवरील रीडरची वाट 2013 नंतर सोडून दिली. गूगल ड्राइव्ह 2012 मध्ये आले तेव्हा लिनक्सवरील आवृत्तीही येईल असे सांगण्यात आले होते. ती अद्याप आलेली नाही.

यामागे दुष्ट हेतू शोधणे मात्र योग्य होणार नाही. ग्राहक थोडे, तर खर्च नकोसा, हा व्यापाराचा सरळ हिशेब आहे. खरी अडचण अशी की, मूळ संहिता कंपनीच्याच ताब्यात असल्याने तिने हात काढून घेताच वापरणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही.

याउलट रेड हॅटने 2004 मध्ये ‘लोहित’ हे भारतीय लिप्यांचे टंक जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुले केले. ते कोणीही वापरावेत, सुधारावेत, वाटावेत. कंपनीचे मन पुढे बदलले तरी हा अधिकार जात नाही. अर्थात याच रेड हॅटने सेंटओएस 8 ला 2029 पर्यंत आधार मिळेल असे मानले जात असताना तो 2021 अखेर संपेल, असे डिसेंबर 2020 मध्ये जाहीर केले. म्हणजे मुक्तस्रोताचा व्यवसाय करणारी कंपनीही शब्दाला जागतेच असे नाही. तथापि संहिता खुली असल्यामुळे 2021 मध्येच रॉकी लिनक्स व अल्मालिनक्स उभे राहिले. कोरेलच्या ग्राहकांना ही सोय नव्हती.

आमच्या भाषा प्रयोगशाळेसाठी आज्ञावली घेताना विक्रेत्याने लिनक्सवरील आवृत्ती ‘पुढील सत्रात’ देण्याचे तोंडी मान्य केले होते. त्यानंतर पाच सत्रे उलटली. दरपत्रकात त्याचा उल्लेखच नव्हता, आणि खरेदी समितीचा सदस्य म्हणून त्यावर माझीही स्वाक्षरी आहे.