शिसपेन्सिलीतला बालराजपुत्र

प्रौढ माणूस चित्रकारासमोर बसतो तो स्वतःविषयीची एक कल्पना सोबत घेऊन. मुलाजवळ ती नसते. घरची माणसे वस्त्रे व अलंकारांच्या रूपाने ती त्याच्या अंगावर चढवितात. म्हणूनच श्रीमंत घरच्या बालकाचे व्यक्तिचित्र पाहताना आपण मूल पाहतो की घराणे, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. एमिली ईडन यांनी रेखाटलेले प्रतापसिंगाचे चित्र आम्ही याच प्रश्नासह पाहतो.

प्रतापसिंग हा शेरसिंगाचा मुलगा, महाराजा रणजितसिंगांचा नातू. गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड १८३८ साली रणजितसिंगांच्या भेटीस गेले, तेव्हा त्यांच्या भगिनी एमिली सोबत होत्या. मुलगा त्या वेळी सुमारे सात वर्षांचा होता. पेन्सिल आणि जलरंग ही ईडनबाईंची नित्याची साधने. त्यांची निवडक चित्रे १८४४ साली लंडनमध्ये ग्रंथरूपाने निघाली. त्यातील चोवीस शिळाछाप चित्रे लोवेस डिकिन्सन यांनी दगडावर उतरविली होती.

येथे रसिकाने सावध राहावे. पेन्सिलीची रेषा अडखळते, विचार करते, पुसट होते. ती दगडावर जाते तेव्हा मध्ये दुसरा हात येतो. छापील चित्रातील मार्दवाचे सारे श्रेय ईडनबाईंना देणे म्हणूनच घाईचे ठरेल.

दुसरी सावधगिरी अधिक महत्त्वाची. १५ सप्टेंबर १८४३ रोजी शेरसिंगाचा खून झाला आणि त्याच दिवशी या मुलासही ठार करण्यात आले. ग्रंथ वाचकांच्या हाती पडला तो त्यानंतर. हे ठाऊक असल्यामुळे त्या डोळ्यांत आपणांस भवितव्याची छाया दिसू लागते. आमच्या मते ती छाया चित्रात नाही, पाहणाऱ्यात आहे. चित्रकर्तीला पुढचे काही ठाऊक नव्हते, मुलालाही नव्हते. करुणेपोटी चित्रावर शोक लादला, तर आपणही त्या मुलावर आणखी एक जड दागिनाच चढवितो.

हा इतिहास आपल्याला परका नाही. आप्पासाहेब भोसल्यांना पदच्युत केल्यावर १८१८ साली नागपूरच्या गादीवर तिसरे रघूजी बसविले गेले, ते सुमारे दहा वर्षांचे असताना. सत्ता मात्र रेसिडेंट जेंकिन्स यांच्या हाती होती. आपला सौंसर-रामाकोन्याचा मुलूख त्याच राज्यातला. १८४३ सालीच ग्वाल्हेरला जयाजीराव शिंदे बालवयात दत्तक आले आणि वर्ष संपण्यापूर्वी महाराजपूर व पनियारच्या लढाया झाल्या. बालराजाचे चित्र काढणारा हात आणि त्याच्या राज्याचा नकाशा काढणारा हात त्या काळी एकाच तळावर वावरत. ईडनबाईंच्या कौशल्याचा गौरव करताना हे विसरता येत नाही.

तरीही चित्र उरते, कारण प्रतापसिंग त्यात आधी मूल आहे आणि मग राजपुत्र. एवढे साधले हे थोडे नव्हे. त्याचे नाव, वय, चित्रकर्ती आणि वर्ष नोंदले गेले, म्हणूनच आज त्यावर विचार करता येतो. आपल्या जुन्या घरांच्या माजघरांतील चित्रांमागे एवढ्या चार गोष्टी तरी लिहिल्या जाव्यात. नावावाचून उरलेले मूल पुढच्या पिढीस केवळ कागद वाटते.