ईश्वरी मार्गदर्शन आणि निर्णयाचे उत्तरदायित्व : ‘स्मृतिचित्रे’च्या संदर्भात

प्रास्ताविक

मराठी ख्रिस्ती आत्मपर लेखनात ‘परमेश्वराने मार्ग दाखविला’ हे विधान बहुधा घेतलेल्या निर्णयाच्या समर्थनार्थ येते. श्रद्धावंताच्या दृष्टीने ते अंतिम असते. समीक्षेच्या दृष्टीने मात्र तेथूनच प्रश्नांना प्रारंभ होतो. मार्गदर्शन कोणत्या रूपाने लाभले? ते कोणी पारखले? निर्णयाची झळ कोणाला पोहोचली? लक्ष्मीबाई टिळकांच्या, १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचा विचार प्रस्तुत लेखात या प्रश्नांच्या अनुषंगाने केला आहे. निवेदनातील प्रांजळपणा, विनोद आणि घरगुती भाषा यांसाठी हा ग्रंथ वाखाणला जातो. परंतु धर्मविषयक निर्णय कसे घडतात, याचा दस्तऐवज म्हणूनही त्याचे मोल मोठे आहे.

अंतःप्रेरणेचा मार्ग

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांना रेल्वेप्रवासात एका युरोपियन गृहस्थाने ‘नवा करार’ दिला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाचा ठाव घेतला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वाचन, चिंतन आणि प्रार्थना यांतून हा निर्णय परिपक्व झाला, हे खरे. तथापि, तो पारखण्याच्या प्रक्रियेत पत्नीला स्थान नव्हते. टिळकांच्या चरित्रदृष्टीने जो प्रकाशाचा क्षण, तोच लक्ष्मीबाईंच्या कथनात आकांताचा क्षण आहे. लहान मुलासह नातलगांच्या आश्रयाने काढलेली वियोगाची वर्षे त्या कोणताही आडपडदा न ठेवता सांगतात. १९१७ मध्ये टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारला, तेव्हाही प्रेरणा एकाची आणि प्रपंचाची ओढाताण साऱ्या घराची, हाच क्रम पुन्हा आढळतो.

विवेकाचा मार्ग

लक्ष्मीबाईंचे धर्मांतर निराळ्या वाटेने झाले. पतीकडे परतल्यावरही त्यांनी आपले सोवळे सोडले नाही आणि टिळकांनीही त्यांच्यावर सक्ती केली नाही. पुढे जातिभेद देवाने निर्माण केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या मनाशी घातला. जन्म आणि मरण सर्वांना सारखेच, मग भेद कोठून आला, असा विचार करीत त्या कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याच्या निश्चयाप्रत आल्या. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. येथे दिव्य वाणी नाही. आहे तो स्वतःच्या अनुभवाला लावलेला तर्क आणि त्यासाठी लागलेला अवधी. त्यांच्या बाबतीत मार्गदर्शन आले ते विवेकाच्या रूपाने.

पारख कोणी करावी?

विवेकाचा हा आग्रह लक्ष्मीबाईंपुरता मर्यादित नाही. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाईंनी १८८५ च्या पत्रव्यवहारात, चर्चमधील वरिष्ठांचा शब्द म्हणजेच ईश्वरेच्छा, हे समीकरण नाकारले आणि स्वतःच्या सदसद्विवेकाचा अधिकार सांगितला. पवित्र शास्त्रातही मार्गदर्शन नेहमी एकांतात लाभत नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात यरुशलेम येथील मंडळी वादविवाद करते, साक्षी ऐकते आणि मगच पवित्र आत्म्याचा व स्वतःचा असा संयुक्त निर्णय कळविते. ज्यांच्यावर निर्णय लादला जाण्याचा संभव होता, त्या परराष्ट्रीयांमधील कार्याचा वृत्तांत त्या सभेत ऐकला जातो, ही बाब लक्षणीय आहे.

आक्षेप व मर्यादा

आप्तांच्या संमतीची अट घातली, तर कोणताही संत घराबाहेर पडणार नाही, असा आक्षेप संभवतो. तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. परंतु लक्ष्मीबाई टिळकांचा निर्णय चुकीचा ठरवीत नाहीत. अखेर त्यांनीही तीच श्रद्धा स्वीकारली. संमतीची अट आणि झळीची नोंद या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि ‘स्मृतिचित्रे’ दुसरीचा आग्रह धरते. या ग्रंथाची एक मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. हे लेखन घटनांनंतर अनेक वर्षांनी, श्रद्धा स्थिरावल्यावर झालेले आहे. जुन्या वेदनेला विनोदाची किनार लाभली ती या अंतरामुळे. मूळ क्षणातील संताप त्यात काही अंशी निवळला असणे शक्य आहे.

समारोप

साक्षपर लेखनात निर्णय घेणारा आणि त्याचा अर्थ सांगणारा बहुधा एकच असतो. त्यामुळे देवाचे नाव घेताच उत्तरदायित्वाचा प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. ‘स्मृतिचित्रे’त मात्र पतीच्या निर्णयाची कथा, त्याची झळ सोसलेली पत्नी सांगते. त्यामुळे ईश्वरी मार्गदर्शनाचा दावा खोटा ठरत नाही. तो माणसांपुढे उत्तरदायी होतो. मराठी ख्रिस्ती आत्मकथनांचे वाचन करताना, मार्ग कोणाला दिसला याबरोबरच त्या मार्गाने कोणाला चालावे लागले, हेही तपासणे म्हणूनच अगत्याचे आहे.