सांताना चर्च, तळावली

गोव्याच्या तिसवाडी तालुक्यातील तळावली या गावचे सतराव्या शतकातील कॅथलिक चर्च. येशू ख्रिस्ताची आजी मानलेल्या संत ॲन हिला ते समर्पित आहे. फ्रान्सिस्को दो रेगो या धर्मगुरूने १६८१ मध्ये बांधकामास आरंभ केला. आंतोनियो फ्रान्सिस्को द कून्या याच्या देखरेखीखाली ते १६९५ मध्ये पूर्ण झाले.

जोडमनोऱ्यांच्या दर्शनी भागाचा आदर्श म्हणून जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन चर्चचा निर्देश केला जातो. १५९७–१६०२ मध्ये बांधलेले ते चर्च, १८३५ मध्ये या पंथाच्या साधूंची हकालपट्टी झाल्यावर ओस पडले. १८४२ मध्ये त्याचे छत कोसळले व १९३१ मध्ये दर्शनी भाग ढासळला. सु. ४६ मी. उंचीच्या भग्न मनोऱ्यावरून त्याच्या भव्यतेची कल्पना येते. मूळ वास्तू नष्ट झाल्यामुळे सांतानाकडे बहुधा तिची प्रतिकृती म्हणूनच पाहिले गेले. हा दृष्टिकोन अपुरा आहे. ऑगस्टिनियन चर्च राजधानीतील एका प्रबळ पंथाचे होते. सांताना हे गावकऱ्यांचे चर्च असून, येथे तोच आकृतिबंध ग्रामीण परिसराला साजेशा बेताच्या प्रमाणात उतरला आहे. भव्यतेचा लोप झाला, तरी रेखीवपणा वाढला.

या चर्चचे खरे वैभव अंतर्भागात आहे. वरचे कमानछत, शिंपल्याच्या आकाराने मढविलेले कोनाडे आणि शुभ्र गिलाव्यावरील उठावदार नक्षी यांमुळे बरोक शैलीतील गती येथे जाणवते, परंतु तिचा आक्रस्ताळेपणा नाही. जाड भिंती आतून पोकळ असून त्यांतील वाटा पापनिवेदनाच्या सोयीसाठी ठेवल्या आहेत. वास्तुयोजनेतील ही युक्ती विशेष लक्षणीय आहे.

जोझे परेरा यांनी बरोक गोवा (१९९५) या ग्रंथात अशा चर्चवास्तूंना भारतीय बरोक कलेत मानाचे स्थान दिले. तर पाउलो व्हारेला गोमेश यांनी २०११ मधील आपल्या ग्रंथात गोव्यातील चर्चवास्तू पोर्तुगीज वास्तूंच्या नकला नसून त्यांचा एक स्वतंत्र गोमंतकीय प्रकार आहे, असे प्रतिपादन केले. सांतानाच्या संदर्भात दुसरा विचार अधिक पटण्याजोगा वाटतो.

जांभा दगड सच्छिद्र असल्याने, गिलावा निघाला की पावसाळ्यात भिंती पाणी शोषतात व अंतर्भागातील नक्षीलाही धोका पोहोचतो. चुन्याची सफेती म्हणूनच केवळ शोभेची नव्हे. जुन्या गोव्यातील चर्चे व मठ १९८६ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. हे चर्च त्यांत नाही.

संत ॲनला उतारवयात अपत्यप्राप्ती झाली अशी श्रद्धा आहे. त्यामुळे जुलैअखेरच्या येथील फेस्तात अपत्यार्थी जोडपी तिला तवसे अर्पण करतात. यावरूनच त्याला तवशांचे फेस्त असे म्हणतात.