शास्त्रवचन आणि नित्याचे जीवन : योहान ४ च्या मराठी उपयोजनाचा विचार

शास्त्रवचनाचा अर्थ लावणे आणि ते वचन जीवनास लावणे या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिलीस अर्थनिर्णय म्हणता येईल, दुसरीस उपयोजन. अर्थनिर्णयाचे शास्त्र आता बरेच प्रगत झाले आहे. मूळ हिब्रू व ग्रीक शब्द, ग्रंथकर्त्याचा काळ, तत्कालीन रूढी यांच्या साह्याने अर्थ निश्चित करण्याच्या पद्धती विद्वन्मान्य झाल्या आहेत. उपयोजनालाही काही नियम असू शकतात, ही कल्पना मात्र आपल्याकडे फारशी रुजलेली नाही. प्रवचनाच्या अखेरीस ‘यावरून आपण काय शिकावे?’ असा प्रश्न घालावा आणि प्रेम, क्षमा, नम्रता यांपैकी एखाद्या गुणाचे नाव घेऊन थांबावे, असा प्रघात पडला आहे. हा बोध खोटा असतो असे नाही. परंतु तो याच उताऱ्यातून निघाला, दुसऱ्या कोणत्याही उताऱ्यातून निघाला नसता, असे म्हणता येत नाही. जो बोध कोणत्याही उताऱ्यास जोडता येतो, तो वस्तुतः कोणत्याच उताऱ्याचा नसतो.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एकाच उताऱ्याच्या आधारे करावयाचा आहे. योहानकृत शुभवर्तमानाच्या चवथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीचा प्रसंग हा तो उतारा होय. तो निवडण्याचे कारण असे की, पाणी, भांडे आणि विटाळ या तीन गोष्टींभोवती तो उभा आहे आणि या तिन्ही गोष्टी मराठी वाचकास भाष्याविना कळतात.

प्रथम प्रसंगाची मांडणी पाहू. येशू यहूदियाहून गालीलाकडे जात असता शोमरोनातील सूखार गावाजवळ याकोबाच्या विहिरीपाशी थकून बसला आहे. वेळ भर दुपारची आहे. शिष्य अन्न विकत आणण्यास गावात गेले आहेत. पाणी नेण्यास आलेल्या स्त्रीकडे तो पाणी मागतो, आणि यहूदी असून शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागतोस हे कसे, असे ती विचारते. येथे ग्रंथकर्ता दोन्ही समाजांच्या दुराव्याविषयी एक लहानसे स्पष्टीकरण जोडतो. त्यातील ग्रीक क्रियापदाचा अर्थ बहुतेक भाषांतरांत ‘व्यवहार ठेवणे’ असा केलेला आढळतो. परंतु शिष्य त्याच वेळी त्याच गावात खरेदी करीत आहेत. तेव्हा सर्व व्यवहार बंद होता, हा अर्थ प्रसंगाशी जुळत नाही. डेव्हिड डाउब या पंडिताने १९५० साली असे प्रतिपादन केले की, या क्रियापदाचा येथील अर्थ ‘एकत्र वापरणे’ असा, म्हणजे एकाच भांड्याचा उपयोग करणे असा घ्यावा. हे मत सर्वांनीच स्वीकारलेले नाही. पण पुढील एक तपशील त्यास पुष्टी देतो. विहीर खोल आहे आणि तुझ्याजवळ पोहरा नाही, याकडे ती स्त्रीच येशूचे लक्ष वेधते. ज्याच्याजवळ पोहरा नाही, त्याला पाणी प्यावयाचे तर दुसऱ्याच्याच भांड्यातून प्यावे लागणार. प्रश्न केवळ बोलण्याचालण्याचा नव्हता, भांड्याचा होता.

ज्या देशात विक्री चाले, पण पाणी चालत नसे, जेथे बाजारात पैसा घेतला जाई, परंतु तो हातावर न घेता वरून टाकला जाई, त्या देशातील वाचकास हा भेद समजण्यासाठी कोशाची गरज नाही. युरोपीय भाष्यकारांना जो अर्थ शब्दचिकित्सेने शोधावा लागला, तो मराठी वाचकाच्या परंपरेत अनुभवाने उपस्थित होता. म्हणूनच या उताऱ्याचे मराठी उपयोजन विशेष समर्थ व्हावयास हवे होते. तसे ते झाले काय?

उपयोजनाच्या परिचित वाटा तपासल्या असता उत्तर पूर्णपणे होकारार्थी देता येत नाही. पहिली वाट रूपकाची. त्या स्त्रीच्या पाच पतींचा अर्थ संत ऑगस्टीनने पाच ज्ञानेंद्रिये असा लावला. पुढील काहींनी दुसरे राजे या ग्रंथाच्या सतराव्या अध्यायातील पाच परकीय लोकसमूहांशी व त्यांच्या दैवतांशी त्यांचा मेळ घातला. वस्तुतः त्या अध्यायात समूह पाच असले तरी दैवते सात आहेत. रूपकाचा दोष असा की, स्त्री नाहीशी होते आणि संख्या तेवढी उरते. दुसरी वाट नीतीची. ती स्त्री पापी, व्यभिचारी होती असे गृहीत धरून पश्चात्तापाचा बोध केला जातो. पण या अध्यायात तिच्या संदर्भात पाप हा शब्द कोठेही आलेला नाही. पतीच्या मृत्यूने अथवा त्याने सोडून दिल्याने स्त्रीचे पुन्हा लग्न होई. निपुत्रिक मृताच्या भावाने विधवेशी विवाह करण्याचा नियमही होता. मार्काच्या बाराव्या अध्यायात सदूकी लोक सात भावांशी क्रमाने विवाह झालेल्या स्त्रीचे जे उदाहरण देतात, ते याच नियमावर आधारलेले आहे. तेव्हा पाच पती ही त्या स्त्रीच्या दुराचाराची नव्हे, दुर्दैवाचीही नोंद असू शकेल. तिसरी वाट दातृत्वाची, आणि तीच सर्वांत प्रचलित आहे. आम्हांपाशी जिवंत पाणी आहे, ते तृषितांस द्यावे, असा हा बोध. येथे वाचक स्वतःस येशूच्या जागी बसवितो. परंतु येशूची पहिली कृती देण्याची नाही, मागण्याची आहे, हे तो विसरतो.

यावरून उपयोजनाच्या तीन कसोट्या सुचतात. उताऱ्यातील लहानातला लहान तपशीलही गळू नये. वाचकाने स्वतःसाठी सर्वांत सन्मानाची भूमिका निवडू नये. आणि निघालेला बोध दुसऱ्या दिवशी एखाद्या विशिष्ट कृतीच्या रूपाने करता यावा, व त्यासाठी काही किंमत मोजावी लागावी. या कसोट्या मराठी ख्रिस्ती जीवनातील दोन उदाहरणांस लावून पाहू.

पहिले उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्यांनी हा उतारा आपल्या आयुष्यात कसा आला हे सांगितले आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये वॉंटेज येथील धर्मभगिनींकडे राहत असता त्यांनी लंडनमधील फुलहॅम येथील पतित स्त्रियांचे आश्रयस्थान पाहिले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा तुम्ही का करता, या त्यांच्या प्रश्नास उत्तर म्हणून एका भगिनीने त्यांना शोमरोनी स्त्रीचा प्रसंग वाचून दाखविला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांचा बाप्तिस्मा झाला. येथे लक्षात घेण्याजोगे असे की, उतारा प्रवचनातून नव्हे, एका कृतीचे कारण म्हणून त्यांच्यापुढे आला. कृती आधी दिसली, वचन मागून ऐकू आले.

त्या आश्रयस्थानातील वाचन स्वाभाविकपणेच पतित स्त्रीच्या उद्धाराचे होते, म्हणजे वर सांगितलेल्या दुसऱ्या वाटेचे होते. रमाबाईंनी ते स्वीकारले. पण त्या तेथेच थांबल्या नाहीत. खऱ्या उपासनेविषयीचे जे विवेचन त्या संवादात येते, त्याचाही त्यांच्यावर परिणाम झाला. उपासना या डोंगरावर की यरुशलेमात, हा त्या स्त्रीचा प्रश्न होता. आईवडिलांसमवेत आणि पुढे बंधूसमवेत भारतभर तीर्थे पायी फिरलेल्या आणि स्त्रीच्या धार्मिक अधिकाराविषयी शास्त्रवचने पाठ असलेल्या विदुषीस या प्रश्नाचे गांभीर्य कळणे साहजिक होते. उपासनेविषयीचा इतका मूलगामी विचार एका स्त्रीस, तोही विहिरीच्या काठावर, सांगितला गेला. ही बाब रमाबाईंच्या पुढील कार्याचे मर्म समजण्यास उपयोगी आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळपीडित स्त्रियांबरोबर पतित स्त्रियांसाठी कृपासदन उभे राहिले, ते या वाचनाचे सरळ फलित होय. मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून, अल्पशिक्षित स्त्रियांस कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरविण्यासाठी त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. ते काम त्यांनी ५ एप्रिल १९२२ रोजी आलेल्या मृत्यूपूर्वी पुरे केले. हेही उपयोजनच होते. धर्माचे वचन स्त्रीशी थेट बोलू शकते हे एकदा मानल्यावर, ते तिच्या भाषेत आणणे हे पुढचे कर्तव्य ठरते.

परंतु भांड्याच्या प्रश्नाचे काय? ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत स्थापन झालेल्या शारदा सदनात उच्चवर्णीय विधवांना आपले जातिनियम पाळण्याची मोकळीक होती. वरवर पाहता ही उताऱ्याशी विसंगती वाटेल. तसा निर्णय घाईचा होईल, असे प्रस्तुत लेखकास वाटते. आश्रयास आलेल्या, परावलंबी मुलीवर विशिष्ट भांड्यातून पाणी पिण्याची सक्ती करणे म्हणजे उताऱ्याचे उपयोजन नव्हे. ते सत्तेचे प्रदर्शन झाले असते. येशूने पाणी मागितले, पाजले नाही. विटाळाची रेषा ओलांडण्याची जोखीम त्याने स्वतः पत्करली. मात्र हेही मान्य केले पाहिजे की, शारदा सदनाच्या स्वयंपाकघरात उताऱ्यातील हा तपशील अनुत्तरितच राहिला.

त्याचे उत्तर दुसऱ्या उदाहरणात, लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त सापडते. या आत्मकथेचा आरंभच सोवळ्याच्या कथेने होतो. १८५७ च्या धामधुमीत सासऱ्यांना फाशी झाल्यावर लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनावर जो आघात झाला, त्यातून बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घेण्याचे त्यांचे सोवळे निर्माण झाले आणि सारे घर त्याखाली भरडले गेले. अशा घरातील मुलीचा पती, नारायण वामन टिळक, १० फेब्रुवारी १८९५ रोजी ख्रिस्ती झाला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या तरी त्यांचे खाणेपिणे वेगळेच होते. पुढे जातिभेद हा माणसाने केला, देवाने नव्हे, असा विचार त्यांच्या मनात ठरला आणि आपण आता कोणाच्याही हातचे घेऊ, असे त्यांनी सांगून टाकले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली झाला.

हा निर्णय त्यांनी स्वतःच्या विचाराचे फळ म्हणून सांगितला आहे. त्याची योहानाच्या चवथ्या अध्यायाशी सांगड प्रस्तुत लेखक घालीत आहे, हे स्पष्ट केले पाहिजे. पण सांगड घालण्यास आधार आहे. वर दिलेल्या तिन्ही कसोट्यांस ही कृती उतरते. भांड्याचा तपशील तीत केंद्रस्थानी आहे. येथे लक्ष्मीबाई दात्याच्या नव्हे, घेणाऱ्याच्या भूमिकेत आहेत. आणि किंमत तर इतकी की, माहेरचे व नात्याचे सारे जग तीत पणास लागले. लक्ष्मीबाईंची शैली या प्रसंगातही विनोदी, साधी आणि आत्मगौरवापासून दूर राहते. त्यामुळे ती कृती प्रवचनाचे उदाहरण न होता जीवनाचा भाग राहते. रमाबाईंच्या बाबतीत वचनाने जीवनास दिशा दिली. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत जीवन त्या वचनाच्या अर्थापाशी स्वतःच्या वाटेने पोहोचले. उपयोजनाचा प्रवाह असा दोन्ही दिशांनी वाहू शकतो, हे आपल्या विवेचनपद्धतीत अद्याप पुरेसे ध्यानात घेतले गेलेले नाही.

व्यक्तींकडून समाजाकडे वळले की चित्र अधिक कठोर होते. गोव्यात धर्मांतरानंतर शतकानुशतके बामण, चारडो, शूद्र हे भेद ख्रिस्ती समाजात टिकून राहिले, आणि काही धार्मिक बंधुसंघांचे सभासदत्वही जातीवर ठरत असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणाविषयीच्या आपल्या लेखनात नेमका हाच आक्षेप घेतला : धर्म बदलला, जात उरली. त्यांच्याच नेतृत्वाखाली २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर अस्पृश्य समाजाने पाणी प्राशन केले. ती कृती नागरिकत्वाच्या आणि मनुष्यत्वाच्या हक्काची होती. तिला ख्रिस्ती अर्थ चिकटविण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु योहानाचा चवथा अध्याय मराठीत वाचणाऱ्याने ती तारीख विसरून चालणार नाही. पाणवठा आणि विटाळ यांचा जो प्रश्न त्या अध्यायात उभा आहे, तो या भूमीवर इतक्या स्पष्टपणे ज्यांनी मांडला, ते या अध्यायाचे वाचक म्हणून तेथे आले नव्हते.

येथे शिष्यांच्या भूमिकेकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. ते परत येतात, येशू एका स्त्रीशी बोलत आहे हे पाहून चकित होतात, पण कोणी काही विचारीत नाही. आपल्या वर्तुळाबाहेर घडणाऱ्या योग्य गोष्टीकडे अवघडून, मुकाट्याने पाहणारा हा धार्मिकांचा समूह आहे. उपयोजनासाठी वाचकाने प्रथम स्वतःस येथे, या गप्प उभ्या राहिलेल्या मंडळींत शोधावे, असे सुचवावेसे वाटते.

एक तपशील राहिला. येशूने शेवटी ते पाणी प्याले की नाही, हे ग्रंथकर्ता सांगत नाही. तो एवढेच सांगतो की, ती स्त्री आपली घागर तेथेच टाकून गावात गेली आणि गावकऱ्यांच्या आग्रहावरून येशू तेथे दोन दिवस राहिला. दोन दिवस राहिला, याचा अर्थ दोन दिवस शोमरोन्यांच्या घरचे अन्न जेवला व त्यांच्या भांड्यांतले पाणी प्याला. एका घोटाच्या प्रश्नाचे उत्तर दोन दिवसांच्या सहवासाने दिले गेले. आज नळाचे पाणी पुष्कळ ठिकाणी घरोघर आले आहे. जात मात्र सोयरिकीच्या वेळी अजून विचारली जाते, ख्रिस्ती कुटुंबांतूनही विचारली जाते. तेव्हा या उताऱ्याचे आजचे उपयोजन पाण्याच्या घोटाशी थांबवून चालणार नाही; आपण कोणाच्या घरी, त्यांच्या बोलावण्यावरून, त्यांच्या पंगतीत राहण्यास तयार आहोत, येथपर्यंत ते नेले पाहिजे. प्रवचनकाराने विचारावयाचा प्रश्न ‘आपण कोणाला काय देतो?’ हा नव्हे. ‘आपण कोणाकडे, काय मागण्यास अजून कचरतो?’ हा त्या अध्यायाचा प्रश्न आहे.