दोरीकडून धनुष्याकडे

संस्कृत चांगलं येणारा माणूसही आर्यभटाच्या एका श्लोकापाशी अडखळतो. ‘आर्यभटीया’च्या गीतिकापादात मध्येच घसा खाकरल्यासारखी अक्षरं सुरू होतात. क्रियापद नाही, विशेषण नाही, देवाचं नाव तर नाहीच. तरी मला या ग्रंथातला सर्वांत देखणा श्लोक हाच वाटतो.

पहिला शब्द ‘मखि’. आर्यभटाच्या अक्षरगणनेत म म्हणजे २५, ख म्हणजे २, आणि इकार लागला की शंभरपट. म्हणून मखि म्हणजे २२५. पुढे २२४, २२२, २१९, २१५ अशी उतरंड लागते, ती शेवटच्या ‘छ’पर्यंत, म्हणजे ७ पर्यंत. एका श्लोकात चोवीस आकडे. काळ इसवी सन ४९९ चा, आणि कवी जेमतेम तेविशीचा.

वर्तुळाचा परीघ २१,६०० कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) धरला, तर त्रिज्या येते ३,४३८. कंस हे धनुष्य, म्हणजे चाप. त्याच्या दुप्पट कंसाची अर्धी दोरी ती ज्या. आपण शाळेत ‘साइन’ म्हणतो तीच, फक्त त्रिज्येनं गुणलेली. नव्वद अंशांचे चोवीस भाग पाडले की एकेक पायरी २२५ कलांची. प्रत्येक पायरीला ज्या कितीनं वाढते, एवढंच श्लोक सांगतो. पहिल्या पायरीला चाप २२५ आणि ज्याही २२५. धनुष्य इतकं लहान, की दोरी आणि काठी वेगळी ओळखू येत नाही! शेवटच्या पायरीलाही चाप तेवढाच चढतो, ज्या मात्र अवघी ७ नं.

आर्यभटानं ज्या दिल्या नाहीत, त्यांच्यातली अंतरं दिली. ही अक्षरांची काटकसर आहेच. पण मला त्यात परतीची वाटही दिसते. चापावरून ज्या काढताना उरलेल्या तुकड्याला त्या पायरीच्या अंतरानं गुणून २२५ नं भागायचं. ज्येवरून चाप हवा असेल तर २२५ नं गुणून अंतरानं भागायचं. सूर्यसिद्धांताच्या स्पष्टाधिकारात हा उलटा विधी नीट सांगितलेला आहे. कोष्टक तेच, चाल फक्त उलटी.

करून पाहू. विषुवदिनी मध्यान्हीला पुण्यात बारा अंगुळांचा शंकू, म्हणजे सरळ दांडा, उभा केला, तर सावली, म्हणजे पलभा, जवळजवळ ४ अंगुळं पडते. शंकू, सावली आणि त्यांची टोकं जोडणारा कर्ण, हा काटकोन त्रिकोण. १४४ अधिक १६ चं वर्गमूळ, म्हणून कर्ण १२.६५. शंकूच्या माथ्याशी जो कोन होतो तोच गावाचा अक्षांश. त्याची ज्या ४ गुणिले ३,४३८ भागिले १२.६५, म्हणजे १,०८७. आता श्लोक म्हणायला घ्या. पहिल्या चार शब्दांची बेरीज ८९०, उरले १९७. पाचवा शब्द २१५ चा. १९७ गुणिले २२५ भागिले २१५, म्हणजे २०६. चार पायऱ्यांच्या ९०० कलांत ते मिळवले की १,१०६ कला, अर्थात १८ अंश २६ कला. याच त्रिकोणाला कॅल्क्युलेटरही १८ अंश २६ कलाच सांगतो. पुण्याचा अक्षांश सुमारे १८ अंश ३१ कला. मधल्या पाच कला आपण सावली नेमकी ४ धरली त्याच्या.

कॅल्क्युलेटरवर हा विधी एका बटणात मावतो. साइनच्या डोक्यावर उणे एक लिहिण्याची ती खूण जॉन हर्शेलनं १८१३ मध्ये आणली, आणि तेव्हापासून मुलं तिला ‘एक भागिले साइन’ समजतात. ‘चाप’ या शब्दात तो घोटाळा झालाच नसता.

बटण आणखी एक गोष्ट लपवतं. पहिल्या पायरीवर ज्या मोजताना एकाची चूक झाली, तर कोन एका कलेनं चुकतो. शेवटच्या पायरीवर तीच चूक २२५ भागिले ७, म्हणजे ३२ कलांची, अर्ध्या अंशाहून जास्त. कोन नव्वदीला टेकत आला की समोरच्या बाजूचा नाद सोडावा, लगतची बाजू मोजून तिचा चाप काढावा आणि नव्वदातून वजा करावा. श्लोक मोठ्यानं म्हणताना ही धोक्याची जागा कानालाही कळते. सुरुवातीचे शब्द दोन-दोन अक्षरांचे ऐसपैस; शेवटाकडे ते आखडत जातात, आणि २२ व ७ साठी एकेकच अक्षर उरतं.